लॉक स्क्रीनवरचं आवडलेलं चित्र डेस्कटॉपवर: कुठला मार्ग तुमच्यासाठी?

लॅपटॉप उघडला की लॉक स्क्रीनवर एखादा सुरेख समुद्रकिनारा किंवा धुक्यातली दरी दिसते. पासवर्ड टाकला की ती गायब, आणि समोर तोच जुना डेस्कटॉप. ही चित्रं आणते ती 'विंडोज स्पॉटलाइट' नावाची सोय. ती विंडोज १० पासून आहे, पण चित्र जतन करायचं बटण लॉक स्क्रीनवर मिळत नाही. म्हणून वेगवेगळे मार्ग निघाले. त्यांतला एक निवडण्याआधी एवढं ठरवा: तुम्हाला नेमकं हेच चित्र हवंय, की अशा प्रकारचं रोज एक नवं चालेल?

रोज नवं चालणार असेल तर फार खटाटोप नको. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, बॅकग्राउंड इथे जा आणि 'विंडोज स्पॉटलाइट' निवडा. विंडोज १० मध्येही शेवटच्या २२एच२ आवृत्तीत ही सोय नंतर आली. डेस्कटॉपवर एक छोटं चिन्ह येतं, त्यावरून जागेची माहिती कळते आणि पुढचं चित्रही मागवता येतं. अडचण एकच: लॉक स्क्रीन आणि डेस्कटॉप यांवर एकाच वेळी एकच चित्र असेल असं नाही. सकाळी जे पाहून थांबलात ते डेस्कटॉपवर येईलच याची खात्री नाही.

'बिंग वॉलपेपर' हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत अ‍ॅप अनेक जण सुचवतात. चित्रं उत्तम असतात, पण ती बिंगच्या मुखपृष्ठावरची, लॉक स्क्रीनवरची नव्हेत. शिवाय इन्स्टॉल करताना ब्राउझरचं होमपेज आणि सर्च बदलण्याचे पर्याय पुढे येतात, तिथल्या टिकमार्कांकडे लक्ष ठेवा. लॉक स्क्रीनवरचंच चित्र हवं असेल तर या वाटेला जाऊ नका.

नेमकं तेच चित्र हवं असेल तर मला फोल्डरातून हातानं काढण्याचा मार्ग सगळ्यांत भरवशाचा वाटतो. फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' दिसू द्या. मग आपल्या युजर फोल्डरात अ‍ॅपडेटा, लोकल, पॅकेजेस असं आत जा. तिथे नावात 'कंटेंट डिलिव्हरी मॅनेजर' असलेलं फोल्डर आहे. त्यात लोकल स्टेट, आणि त्याच्या आत असेट्स. इथल्या फाइलींना लांबलचक अक्षर-आकड्यांची नावं असतात आणि पुढे एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारं शेपूट, नसतं, म्हणून डबल क्लिक केल्यावर चित्र उघडत नाही. सगळ्या फाइली दुसऱ्या फोल्डरात कॉपी करा, मूळ फोल्डरात फेरफार नको. कॉपीतल्या प्रत्येक नावापुढे 'डॉट जेपीजी' लावा. फाइली जास्त असतील तर कमांड प्रॉम्प्टच्या 'रेन' आज्ञेनं सगळ्यांना एकदम लावता येतं. लहान आकाराच्या फाइली बहुधा आयकॉन असतात, त्या उडवा. उरलेल्यांत १९२० × १०८० ची आडवी चित्रं डेस्कटॉपसाठी, १०८० × १९२० ची उभी फोनला छान बसतात.

हे काम चित्र आवडलं त्याच दिवशी करा. असेट्स हा तात्पुरता साठा आहे, विंडोज जुन्या फाइली आपोआप काढून टाकते. तिथे ताजं चित्र सापडलंच नाही, तर त्याच पॅकेजेसमध्ये 'क्लायंट डॉट सीबीएस' नावाच्या फोल्डरातल्या लोकल कॅशमध्ये 'आयरिस सर्व्हिस' शोधा. डेस्कटॉपच्या स्पॉटलाइटची चित्रं तिथे असतात.

हे सारं कंटाळवाणं वाटत असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं 'डायनॅमिक थीम' हे मोफत अ‍ॅप मधला मार्ग आहे. स्पॉटलाइट आणि बिंग दोन्हींची चित्रं ते दाखवतं, आपण सांगू त्या फोल्डरात जतन करतं, डेस्कटॉपवरही लावतं. मात्र ते मायक्रोसॉफ्टचं नव्हे, त्रयस्थ अ‍ॅप आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं अ‍ॅप टाकायला बहुधा परवानगी नसते. तिथे फाइली कॉपी करण्याचाच मार्ग उरतो.

दर्जाचाही विचार करा. १९२० × १०८० चं चित्र साध्या लॅपटॉपवर स्वच्छ दिसतं, मोठ्या ४के मॉनिटरवर जरा धूसर वाटतं. चालू वॉलपेपरची प्रत रोमिंग फोल्डरातल्या थीम्समध्ये 'ट्रान्सकोडेड वॉलपेपर' नावानं असते, आणि काही जण तीच उचलतात. पण जेपीजी चित्र वॉलपेपर म्हणून लावताना विंडोज ते पुन्हा दाबून (कॉम्प्रेस करून) साठवते, जेपीजीच्या ८५ टक्के दर्जावर. मूळ फाइल हाताशी असेल तर ही प्रत घेऊ नका.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. फोल्डरातून काढलेल्या फाइलीत ना जागेचं नाव असतं, ना छायाचित्रकाराचं. महिन्याभरानं तुम्ही कुणाला सांगूही शकत नाही की हा किनारा कुठला. म्हणून लॉक स्क्रीनवर माहिती दिसते तेव्हाच ती टिपून घ्या आणि फाइलीला जागेचं आणि छायाचित्रकाराचं नाव द्या. ही छायाचित्रं कुणाच्या तरी मेहनतीची आहेत आणि मायक्रोसॉफ्टनं ती परवान्यानं घेतली आहेत. आपल्या पडद्यावर लावायला हरकत नाही; पत्रिकेवर, बॅनरवर किंवा दुकानाच्या जाहिरातीत छापायला मात्र आहे.

थोडक्यात निवडायचं तर घरच्या संगणकावर रोजच्या बदलाची हौस असेल, त्यांनी सेटिंग्जमधला स्पॉटलाइट लावावा. ज्यांना संग्रह करायचा आहे त्यांनी डायनॅमिक थीम घ्यावं. एखादंच चित्र मनात बसलं असेल तर असेट्स फोल्डर. अशी निवडक चित्रं एका फोल्डरात जमली की बॅकग्राउंडमध्ये 'स्लाइडशो' निवडून तेच फोल्डर दाखवा, म्हणजे बदलही मिळतो आणि चित्रंही आपल्या पसंतीचीच राहतात.