सेंद्रिय कार्बन मोजणारे यंत्र आणि त्याची ‘रीएजंट मिळाले’ ही ग्वाही

चिकोडी-निपाणी पट्ट्यातील साखर कारखान्यांत कंडेन्सेटचे, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले, पाणी बॉयलरला परत देण्यापूर्वी त्यात साखर उतरली आहे का, याची तपासणी गळीत हंगामात प्रत्येक पाळीत करावी लागते. साखर बॉयलरमध्ये गेली की उष्णतेने तिची सेंद्रिय आम्ले होतात, पाण्याचा पीएच घसरतो आणि नळ्या खाल्ल्या जातात. अल्फा नॅफ्थॉलची जुनी कसोटी अजूनही उपयोगी आहे. परंतु तिला शर्करा तेवढी दिसते, तेल किंवा आम्ले दिसत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत म्हणूनच एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारे टेबलावरचे यंत्र आले. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रांना पुढचे प्रश्न सारखेच लागू पडतात.

यंत्र नमुन्यात प्रथम फॉस्फरिक आम्ल सोडते, पीएच २ च्या खाली गेल्यावर बायकार्बोनेटचा झालेला कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनने हाकलून देते, मग सोडियम परसल्फेट आणि अतिनील दिवा यांच्या साहाय्याने उरलेल्या सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीभवन करून निघालेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त शोधकाने मोजते. मोजणी बिनचूक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न त्याआधीचा आहे: दोन्ही रसायने खरोखर नमुन्यात पडली, हे यंत्राला कशावरून कळते?

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘रीएजंटची (रसायनांची) खात्री’ असे ठळक लिहिलेले असते आणि पुष्कळ यंत्रांत तिचा अर्थ एवढाच असतो की पंपाची मोटर ठरलेले फेरे फिरली. बाटली रिकामी असली, नळीत हवेचा फुगा अडकला किंवा झडपेवर परसल्फेटचे स्फटिक साचले, तरी मोटर फिरतेच. वीज जाऊन यंत्र काही तास बंद राहिले की नळीतले द्रावण मागे सरकते, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या नमुन्यांना रसायनाऐवजी हवा मिळते. आमच्या भागात ही शक्यता कागदावरची नाही.

आम्ही घेतलेल्या यंत्राची जमेची बाजू अशी की ते फेऱ्यांवर थांबत नाही, आम्ल सोडण्यापूर्वीची आणि नंतरची संवाहकता (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता) मोजून दोहोंतील फरक तपासते. हायड्रोजन आयन सोडियमच्या सुमारे सातपट विद्युत वाहून नेतो, त्यामुळे नमुना आम्लधर्मी झाला की आकडा स्पष्ट उसळतो. कूपनलिकेच्या कठीण पाण्यात मात्र आधीचे आम्ल बायकार्बोनेटच खाऊन टाकते आणि उसळी दिसत नाही. तेव्हा यंत्र ‘मात्रा अपुरी’ असा इशारा देते. आमच्या काही सहकाऱ्यांना हा खोटा इशारा वाटला, कारण आम्ल तर पडलेले दिसत होते. माझ्या मते तोच इशारा सर्वांत मोलाचा आहे. आम्ल किती सोडले याला महत्त्व नाही, नमुना आम्लधर्मी झाला की नाही याला आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ३०० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्षारता (आम्ल शोषण्याची क्षमता) असलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७२ मिलिग्रॅम असेंद्रिय, म्हणजे बायकार्बोनेटमधला, कार्बन असतो. तो आधी निघाला नाही तर परसल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात पुढे बाहेर पडतो आणि सेंद्रिय म्हणून मोजला जातो.

याची परीक्षा सोपी आहे आणि विक्रेत्यासमोरच घ्यावी. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.३५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट विरघळवले की ५० मिलिग्रॅम असेंद्रिय कार्बनचे द्रावण मिळते. आम्लाची नळी बाटलीबाहेर काढून ते यंत्राला द्यावे. आमच्या यंत्राने निकाल न देता नमुना नाकारला, आणि नळी परत घातल्यावर उत्तर ब्लँकच्या, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्याच्या, जवळ आले.

परसल्फेटच्या बाबतीत हे यंत्र इतके विश्वासू नाही, आणि चूक धोक्याची आहे ती इथलीच. आम्ल चुकले तर आकडा वाढतो आणि कोणीतरी चौकशी करतो. परसल्फेट चुकले तर आकडा कमी येतो, आणि कमी आकडा पाहून पाळीप्रमुख खूश होतो. संवाहकतेवरून परसल्फेटचा क्षार पोहोचला एवढेच कळते. उन्हाळ्यात गरम खोलीत राहून त्या क्षाराची ऑक्सिडीकारक शक्ती उतरली असेल तर संवाहकतेवरून पत्ता लागत नाही. यासाठी ज्ञात द्रावणाला, म्हणजे ज्यातला कार्बन आधीच ठाऊक आहे अशा द्रावणाला, पर्याय नाही. साखर कारखान्यात साखरेनेच परीक्षा घ्यावी हा मोह स्वाभाविक आहे, कारण साखरेत ४२.१ टक्के कार्बन असल्याने २३.७५ मिलिग्रॅम प्रतिलिटर साखरेचे १० मिलिग्रॅम कार्बन होतात. पण साखर सहज जळते आणि यंत्राला झुकते माप देते. औषधनिर्मितीच्या पाण्यासाठी अमेरिकन औषधकोशाने साखरेच्या जोडीला १,४-बेंझोक्विनोन हे हट्टी संयुग ठेवले आणि दोहोंच्या प्रतिसादाचे गुणोत्तर ८५ ते ११५ टक्क्यांत हवे असे ठरवले, ते याचसाठी. आम्ही रोजच्या वापराला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या सेंद्रिय क्षाराचे ज्ञात द्रावण ठेवतो आणि संशयास्पद नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावतो. दहाने गुणून आलेले उत्तर मूळ उत्तरापेक्षा ठळकपणे मोठे निघाले, तर पहिल्या वेळी परसल्फेट पुरे पडले नव्हते असे आधी समजावे. मळीमिश्रित सांडपाण्यात तर हे टाळूच नये, कारण तिथला क्लोराइडही परसल्फेटचे काम मंदावतो.

पडद्यावरचे इशारे फक्त इंग्रजीत आहेत. पाळीवर येणारे मदतनीस मराठी किंवा कन्नड वाचतात, म्हणून दोन्ही भाषांतला तक्ता आम्ही यंत्राशेजारी चिकटवला आहे. एवढ्या किमतीच्या वस्तूत हे निर्मात्याने करायला हवे होते. पंपाच्या नळ्या मात्र सहज बदलता येतात आणि त्यासाठी तंत्रज्ञाला बोलवावे लागत नाही.

कंडेन्सेट आणि कूपनलिका या दोहोंचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेने हे यंत्र जरूर विचारात घ्यावे. केवळ मृदू, कमी क्षारतेचे पाणी तपासणाऱ्यांनी संवाहकतेच्या या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. आम्लाच्या बाटलीचे वजन पाळीगणिक नोंदवले आणि अधूनमधून पीएच पट्टी लावली, तरी त्यांचे काम भागेल.