कमिटवर आलेली एरर: पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूलाइट

फॉरेन की म्हणजे एका टेबलातील ओळीने दुसऱ्या टेबलात खरोखर असलेल्या ओळीकडेच बोट दाखवावे हा नियम. त्याची तपासणी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) संपेपर्यंत पुढे ढकलण्याची सोय या तिन्ही डेटाबेसांत आहे, आणि विभाग व विभागप्रमुख यांसारखी परस्परांवर अवलंबून असलेली टेबले भरताना ती सोयीची ठरते. निवड करताना मात्र तपासणी फसल्यावर हाती काय उरते हे पाहावे, कारण चूक करणारी इन्सर्ट (ओळ घालण्याची आज्ञा) केव्हाच विनातक्रार पार पडलेली असते आणि एरर येते ती कमिटवर, म्हणजे बदल पक्के करताना.

मेसेजपुरते बोलायचे तर पोस्टग्रेस सर्वांत स्पष्ट आहे. ऑर्डरच्या टेबलात अस्तित्वात नसलेला ग्राहक क्रमांक ४२ गेला असेल, तर टेबलाचे आणि कन्स्ट्रेंटचे (मोडलेल्या नियमाचे) नाव मिळतेच, शिवाय खालच्या डिटेलच्या ओळीत ४२ हा क्रमांक ग्राहकांच्या टेबलात नाही असेही सांगितले जाते. तो नेमक्या कोणत्या स्टेटमेंटने घातला हे कळत नाही, आणि चुकीच्या दहा ओळी असल्या तरी पहिलीच दिसते.

ओरॅकलमध्ये आधी ओआरए-०२०९१ येते, म्हणजे ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झाली एवढेच. खरे कारण, उदाहरणार्थ ओआरए-०२२९१, त्याच्या खालच्या ओळीत असते. लॉगमध्ये पहिलीच ओळ साठवणाऱ्या एका प्रणालीपायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे. दुसऱ्या ओळीतही स्कीमा (टेबलांचा संच) आणि कन्स्ट्रेंटचे नावच असते, चुकीचा क्रमांक नसतो. नाव आपण दिले नसेल तर एसवायएस_सी आणि पुढे काही अंक एवढ्यावरच भागवावे लागते. यावर उपाय असा, की कमिटच्या आधी ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ चालवावे, म्हणजे पुढे ढकललेली तपासणी लगेच होते. ते फसले तरी ओरॅकलची ट्रान्झॅक्शन जिवंत राहते आणि डेटा तपासता येतो. पोस्टग्रेसमध्येही हीच आज्ञा चालते, परंतु तिच्याआधी सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमध्ये मागे परतण्याची खूण) ठेवला नसेल तर सगळी ट्रान्झॅक्शन बाद होते.

एसक्यूलाइट ‘फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड’ एवढेच म्हणते. ना टेबल, ना नाव. कारण तिथे उल्लंघनांची केवळ मोजदाद ठेवली जाते आणि कमिटच्या वेळी तो आकडा शून्य आहे का, इतकेच पाहिले जाते. तरीही तिला मी शेवटचा क्रमांक देणार नाही, कारण कमिट फसल्यावर ट्रान्झॅक्शन उघडीच राहते, आणि तिच्यातच ‘प्राग्मा फॉरेन_की_चेक’ चालवले की प्रत्येक दोषी ओळीचे टेबल, तिचा रोआयडी (ओळीचा अंतर्गत क्रमांक) आणि ती ज्याकडे बोट दाखवते ते मूळ टेबल यांची पूर्ण यादी मिळते. मोठ्या आयातीत ही यादी पोस्टग्रेसच्या एका नेमक्या ओळीपेक्षा अधिक कामाची ठरते. एसक्यूलाइटमध्ये मात्र फॉरेन कीची अंमलबजावणी मुळात बंद असते, ती प्रत्येक कनेक्शनवर सुरू करावी लागते.

मायएसक्यूएल या तुलनेत बसत नाही. तिथे तपासणी पुढे ढकलता येत नाही, फक्त बंद करता येते, आणि ती पुन्हा सुरू केल्यावर मधल्या काळात शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणताही मेसेज येत नाही.