कार्ताहेना बघायचंय: पायी, बसने की स्वतःचा गाइड घेऊन?

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना हे बंदर पेद्रो दे एरेदियाने १५३३ साली वसवलं. पेरूची चांदी स्पेनला नेणारी गलबतं इथे मुक्कामाला थांबत, त्यामुळे चाचे, फ्रेंच, इंग्रज सगळ्यांचा या शहरावर डोळा असे. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटून खंडणी उकळली, आणि मग तटबंदीचं काम सुरू झालं ते थेट १७९६ पर्यंत चाललं. हे बंदर, किल्ले आणि जुनं शहर १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

अमेरिकेतले मराठी लोक मायामी किंवा न्यूयॉर्कहून थेट विमानाने इथे येतात. पनामा कालव्याच्या क्रूझवर येणाऱ्यांना हे शहर एका दिवसात उरकायचं असतं. भारतातून येणारे बहुतेक बोगोता बघून इकडे वळतात. शोधायला बसलं की टूर्सची भलीमोठी यादी समोर येते आणि सगळ्यांची वर्णनं जवळपास सारखीच असतात. प्रत्यक्षात त्यांच्यात बराच फरक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तटाच्या आतलं शहर पायीच बघा, आणि गाडीवर वाचलेले पैसे चांगल्या गाइडवर खर्च करा.

टिपवाली पायी टूर की खासगी गाइड

टिपवर चालणाऱ्या टूर्सना ‘फ्री टूर’ म्हणतात. साधारण दोन तास, रंगीत छत्री धरलेला गाइड, एक गट इंग्रजी आणि एक स्पॅनिश. शेवटी तुम्हाला वाटेल ते द्यायचं. फुकट म्हणतात म्हणून काहीच न देता निघून जाणं बरं नाही. गाइडची कमाई तेवढीच असते.

पहिल्या दिवशी शहराचा अंदाज घ्यायला ही टूर उत्तम. घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरलं की प्लासा दे लोस कोचेस लागतो. आज तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते आणि बाजूच्या कमानींखाली पोर्ताल दे लोस दुल्सेसमध्ये काचेच्या बरण्यांत खोबऱ्याच्या वड्या आणि चिंचेच्या गोळ्या विकतात. याच चौकात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा लिलाव व्हायचा. स्पॅनिश अमेरिकेत गुलामांच्या व्यापाराची जी मोठी अधिकृत बंदरं होती, त्यांतलं हे एक. कोणतीही टूर जोखायची माझी पहिली कसोटी हीच, की या चौकात गाइड किती वेळ थांबतो आणि काय सांगतो. मिठाईची चव घ्या म्हणून पुढे निघाला, तर उरलेली टूर कशी असेल हे तिथेच कळतं.

गट मोठा असला की टूरची मजा जाते. वीस-पंचवीस माणसं अरुंद गल्लीत उभी राहिली की मागच्यांना काही ऐकू येत नाही. शिवाय वाटेत फेरीवाले आणि तुमच्या कपड्यांवर रॅप रचून पैसे मागणारी मुलं. गाइडलाही वेळेचं बंधन, त्यामुळे बहुतेक इमारती बाहेरूनच दाखवल्या जातात.

खासगी गाइड घेतला की आत जाता येतं, आणि या शहरात खरं बघण्यासारखं ते आतच आहे. सान पेद्रो क्लाव्हेरचं चर्च आणि शेजारचा मठ घ्या. क्लाव्हेर हा जेसुइट (एका कॅथलिक संघाचा) धर्मगुरू १६१० मध्ये इथे आला आणि वर्षानुवर्षं गुलामांच्या जहाजांवर जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करत राहिला. १६५४ मध्ये तो इथेच वारला. १८८८ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याच्या अस्थी चर्चच्या मुख्य वेदीखाली काचेतून दिसतात. मठाच्या भिंतीजवळ जाऊन नीट बघा. इथे बांधकामाला समुद्रातला प्रवाळाचा दगड वापरला आहे, त्यामुळे काही चिऱ्यांवर प्रवाळाच्या नागमोडी रेषा अजून स्पष्ट दिसतात. चांगला गाइड तिथे थांबतो आणि हात लावून बघायला सांगतो.

तसंच इन्क्विझिशनच्या वाड्याचं. धर्मद्रोहाचे खटले चालवणारं हे न्यायासन १६१० मध्ये सुरू झालं. आत संग्रहालय आहे, पण माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट आहे बाजूच्या गल्लीतली छोटीशी खिडकी, वर क्रूस असलेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांविरुद्ध निनावी तक्रार इथून आत टाकायची. कुणी दाखवली नाही तर त्या खिडकीवरून माणूस सहज पुढे निघून जातो.

खासगी गाइड ठरवताना दोन गोष्टी विचारा. कोलंबियात गाइडकडे सरकारमान्य ओळखपत्र असावं लागतं, ते आहे का? आणि सांगितलेल्या रकमेत प्रवेशशुल्क धरलंय की वेगळं? दुसरा प्रश्न विसरला की चर्च, वाडा, किल्ला असं करत खर्च चांगलाच वाढतो. चार-सहा जणांचं कुटुंब असेल तर दरडोई हिशोब खासगी गाइडच्या बाजूने झुकतो. एकटे असाल तर टिपवाली टूर घ्या आणि चर्च आणि वाडा नंतर स्वतः निवांत बघा.

लाल बस, व्हॅन आणि चिवा

चढा-उतरा पद्धतीची दुमजली लाल बस बोकाग्रांदेच्या हॉटेलपट्ट्यातून निघते, तटाला वळसा घालते, किल्ल्याजवळ थांबते. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मात्र ती शिरूच शकत नाही. म्हणजे ज्यासाठी आलात ते बसमधून बाहेरूनच दिसतं. गुडघेदुखी असलेले आई-बाबा बरोबर असतील तर एक फेरी मारायला ठीक आहे. वरच्या मजल्यावर दुपारी बसू नका.

व्हॅनची अर्ध्या दिवसाची ‘सिटी टूर’ मात्र एका कारणासाठी विचारात घ्यावी, ते म्हणजे ला पोपाची टेकडी. सुमारे दीडशे मीटर उंचीवर १६०७ मध्ये स्थापन झालेला ऑगस्टिनियन साधूंचा मठ आहे. आत सोन्याचा वर्ख दिलेल्या वेदीवर शहराची कैवारी मानली जाणारी कांदेलारिया माता (मेरीचं एक रूप) आहे, २ फेब्रुवारीला तिचा उत्सव असतो. वरून खाडी, तट, उंच इमारती आणि मागची दलदल एका नजरेत येते आणि शहर असं का वसलं ते समजतं. टेकडीवर पायी जाऊ नका, रस्ता सुरक्षित मानला जात नाही. टॅक्सी किंवा व्हॅनच. अडचण अशी की व्हॅनवाले ला पोपा, किल्ला, हस्तकलेची दुकानं आणि जुनं शहर चार तासांत कोंबतात आणि दुकानांत हमखास जास्त वेळ काढतात. क्रूझवरून आलेल्यांना तरी हा पर्याय सोयीचा पडतो, कारण बोटीवर वेळेत पोहोचवायची जबाबदारी त्यांची असते. शहरात मुक्काम असेल तर टॅक्सीवाल्याशी जायचे, थांबायचे आणि यायचे पैसे आधी ठरवून ला पोपाला स्वतंत्र जा.

चिवा म्हणजे रंगवलेल्या लाकडी बाकांची उघडी बस. रात्री त्यात वादक, रम आणि नाच असतो. मित्रांच्या टोळक्याला आवडेल, शहर बघण्याशी तिचा संबंध नाही.

किल्ला: इथे गाइडवर पैसे वाचवू नका

सान फेलिपे दे बाराहास हा किल्ला तटाबाहेर सान लासारो नावाच्या टेकाडावर आहे. आत ऑडिओ गाइड मिळतो, दारात गाइड मिळतात, आणि काही जण नुसतेच वर चढून झेंड्याजवळ फोटो काढून उतरतात. तिसरा प्रकार करायचा असेल तर तिकिटाचे पैसेही वाचवा, कारण न सांगता समोर दिसतात ते उतरते दगडी बुरूज आणि ऊन.

गोष्ट १७४१ ची आहे. इंग्रज नौदलाचा एडवर्ड व्हर्नन पावणेदोनशेहून जास्त जहाजं घेऊन आला. शहराकडे युद्धनौका होत्या सहा, आणि त्यांचा सेनानी ब्लास दे लेसो, ज्याने आधीच्या लढायांत एक पाय, एक डोळा आणि एका हाताची ताकद गमावली होती. इंग्रजांनी खाडीच्या तोंडावरचे किल्ले घेतले तेव्हा लंडनला विजयाची बातमी पोहोचली आणि लेसो गुडघे टेकतोय अशी पदकंही निघाली. प्रत्यक्षात याच टेकडीवरचा हल्ला फसला, पिवळ्या तापाने इंग्रजी सैन्याची दाणादाण उडवली आणि व्हर्ननला परत फिरावं लागलं. या मोहिमेत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्सही होता. त्याने पुढे आपल्या इस्टेटीला व्हर्ननचं नाव दिलं, तेच ते माउंट व्हर्नन, जे नंतर जॉर्ज वॉशिंग्टनचं घर झालं. लेसो त्याच वर्षी कार्ताहेनात वारला. त्याचा पुतळा किल्ल्याच्या पायथ्याशी आहे.

आता गाइडची दुसरी कसोटी. आज दिसणारा अवाढव्य किल्ला १७४१ मध्ये नव्हता. तेव्हा वरती एक लहान गढी होती. खालचे थरावर थर चढवलेले तोफखाने अंतोनियो दे आरेवालो या लष्करी अभियंत्याने १७६२ नंतर बांधले, ते त्या हल्ल्यातून धडा घेऊनच. रचना अशी की खालचा तोफखाना शत्रूच्या हाती गेला तर वरच्या तोफा त्यालाच भाजून काढतील. आतल्या भुयारांत पावलांचा आवाज लांबवर पोहोचतो, म्हणजे अंधारात कुणी येतंय हे पहारेकऱ्याला आधीच कळे. गाइड हे दोन काळ वेगळे करून सांगत असेल तर तो अभ्यासू आहे. संपूर्ण किल्ल्यानेच व्हर्ननला हरवलं असं सांगत असेल तर दारातच दुसरा बघा. ऑडिओ गाइड चालेल, पण भुयारात वाट दाखवणारा माणूस हवा.

आरेवालोचं याहून अफलातून काम पाण्याखाली आहे. खाडीला दोन तोंडं होती, रुंद बोकाग्रांदे आणि चिंचोळं बोकाचिका. त्याने बोकाग्रांदेच्या तोंडाशी समुद्रात भिंत बांधून मोठ्या जहाजांची वाट बंद केली आणि सगळ्यांना बोकाचिकाच्या तोफांसमोरून जायला भाग पाडलं. विजयदुर्गाजवळच्या समुद्रातल्या भिंतीबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना ही युक्ती लगेच कळेल. किल्ल्यांची आवड असेल तर बोटीने बोकाचिकाला जाऊन सान फेर्नांदोचा किल्ला बघा. तिथे गर्दी नसते.

किल्ल्यावर सावली जवळजवळ नाही. सकाळी उघडताच जा. बारा ते तीनच्या मध्ये इथे चढणं म्हणजे त्रास आहे, मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मुळीच नको.

हेत्सेमानी

तटाच्या आतच पण मुख्य शहराबाहेर वसलेली ही कारागिरांची, मुक्त कृष्णवर्णीयांची वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ ला कार्ताहेनाने स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं, त्यात इथल्या लोकांचा, त्यांचा पुढारी पेद्रो रोमेरोचा मोठा वाटा होता. त्रिनिदाद चौकात त्याचा पुतळा आहे. भिंतींवर मोठमोठी चित्रं, दारात खुर्च्या टाकून बसलेली माणसं. इथेही टिपवाली टूर असते आणि गट लहान असेल तर मी हीच सुचवेन. सध्या जुन्या रहिवाशांना घरं विकून बाहेर जावं लागतंय, तो विषय वस्तीतल्याच गाइडकडून ऐकण्यासारखा आहे. संध्याकाळी जा.

खाणं

खाद्यटूर शाकाहारी माणसाने विचारूनच घ्यावी, कारण बहुतेक थांबे मासे आणि मांसाचे असतात. आरेपा दे उएवो या मक्याच्या तळलेल्या पुरीत अंडं असतं. पण नारळाच्या दुधातला भात, कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले पाताकोनेस, मीठ-लिंबू लावलेली कैरी आणि मोते दे केसो नावाचं कोनफळाच्या जातीच्या कंदाचं चीज घातलेलं सूप, एवढ्यावर छान भागतं. सुपात मांसाचा रस्सा नाही ना, ते विचारा. बासुर्तो बाजाराची टूर स्थानिक माणसाशिवाय करू नका. वास, चिखल, गर्दी सगळं आहे, आणि शहर खरं काय खातं तेही तिथेच दिसतं.

दुसरा दिवस: बेटं की पालेंके

जवळपास सगळे रोसारिओ बेटांवर किंवा बारूच्या प्लाया ब्लांका या समुद्रकिनाऱ्याला जातात. पाणी निळं आहे, वाळू पांढरी आहे. पण ला बोदेगिता धक्क्यावर बंदरशुल्क वेगळं भरावं लागतं, वेगवान बोटीत पाठीला हादरे बसतात आणि डिसेंबर ते मार्चच्या वाऱ्यात दुपारचा समुद्र खवळलेला असतो. प्लाया ब्लांकावर तर विक्रेते एक मिनिट स्वस्थ बसू देत नाहीत. पोहायचंच असेल तर रोसारिओतल्या एखाद्या बेटावर मुक्काम करा, धावती फेरी नको.

त्यापेक्षा सान बासिलिओ दे पालेंकेला जा. शहरापासून साधारण ५० किलोमीटर. बेन्कोस बिओहोच्या नेतृत्वाखाली पळालेल्या गुलामांनी या भागात आपली तटबंद गावं वसवली. स्पॅनिशांनी त्याच्याशी तह केला आणि पुढे १६२१ मध्ये त्याला फासावर दिलं, पण गाव टिकलं. तिथली भाषा स्पॅनिश शब्दांवर आणि किकोंगोसारख्या आफ्रिकी भाषांच्या मुळांवर उभी आहे. युनेस्कोने २००५ मध्ये या गावाच्या संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला. शहरात डोक्यावर फळांची पाटी घेऊन रंगीत घागऱ्यात उभ्या असलेल्या बायका याच गावच्या. त्यांचा फोटो काढताना आधी विचारा आणि पैसे द्या, तो त्यांचा व्यवसाय आहे.

पालेंकेच्या टूर्समध्येही फरक आहे. काही जण गावात तासभर थांबवतात, मुलांकडून ढोल वाजवून घेतात आणि परत. अशी टूर घेऊ नका. गावातलाच गाइड आहे का, जेवण गावातल्या घरी आहे का, किती तास थांबणार, हे आधी विचारून घ्या. ऑक्टोबरमध्ये गावात ढोलांचा महोत्सव भरतो. तोच इथला सर्वांत पावसाचा महिना, त्यामुळे रेनकोट आणि भिजले तरी चालतील असे बूट घेऊन जा, आणि परतीची गाडी निघण्याआधीच पक्की करा.