चेन्नईतला पहिला ट्रॅक डे: आरसे काढा, माज पण काढा
बाइक पुण्याहून ट्रान्सपोर्टने पाठवली आणि मी मागून ट्रेनने, मद्रास इंटरनॅशनल सर्किट या रेस ट्रॅकवर नवख्यांसाठीचा ट्रेनिंग डे करायला. ट्रॅक 3.7 किमीचा, 12 वळणं. सकाळी आरसे काढायला लावले, हेडलाइटवर टेप, टायरमधली हवा थोडी कमी केली कारण रबर तापलं की प्रेशर आपोआप चढतं, आणि मग तासभर एकच, वळणाच्या आधी ब्रेक मारून मोकळे व्हा, नजर वळण दाखवणाऱ्या पुढच्या कोनवर (खुणेच्या शंकूवर), चाकासमोर बघू नका. घाटातली हुशारी इथे चालत नाही राव, ताम्हिणीचा राजा (म्हणजे मीच) पहिल्याच सेशनला केटीएम 390 बाइकवाल्या एका पोरीने वळणावर बाहेरून ओव्हरटेक करून खाल्ला. इन्स्ट्रक्टर एक नंबर, दर सेशननंतर पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) जमिनीवर खडूने रेघा मारून कुठे चुकलं ते दाखवायचे.

तक्रार एकच, भाड्याचा लेदर सूट, तो देणारा वेगळाच होता. लार्ज म्हणून दिलेला गुडघ्यात अडकत होता, आत आधीच्या माणसाच्या घामाचा वास आणि त्यात दुपारचं चेन्नईचं ऊन. जमलं तर कोणाचा तरी मागून न्या. आणि परतीच्या ट्रान्सपोर्टचं आधीच ठरवा, माझी गाडी अजून यायचीये.