ख्रिस्ती मतदारांसाठी भरलेला एक अभ्यासवर्ग : अभिप्राय

पुणे कॅम्पातील एका मराठी मंडळीने (चर्चने) ख्रिस्ती मतदारांसाठी भरवलेला विनाशुल्क अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. पंथाची अट नव्हती, त्यामुळे कॅथलिक कुटुंबेही आली होती. असा वर्ग पुन्हा भरला तर आपल्या लोकांनी अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यातील एक उणीव इतकी मोठी आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिलेच पाहिजे.

कोणाला मत द्यावे हे तेथे कोणीही सांगितले नाही, हे या वर्गाचे पहिले श्रेय. वर्ग घेणाऱ्या वकीलबाईंनी सुरुवातीलाच लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२३ समजावून दिले. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, धर्माच्या नावावर मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते, आणि मत न दिल्यास देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणेही त्याच कलमात येते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मतदाराच्या धर्माचा आधार घेऊन केलेले आवाहनही निषिद्ध ठरवले. निवडणूक जवळ आली की उपासनेनंतर अंगणात ‘आपला माणूस’ म्हणून कोणाकोणाची ओळख करून दिली जाते. त्या पार्श्वभूमीवर हे सर्वांनी ऐकणे गरजेचे होते.

सर्वांत उपयुक्त ठरले ते प्रतिज्ञापत्र वाचण्याचे सत्र. प्रत्येक गटाला एका उमेदवाराच्या नमुना २६ ची, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राची, छापील प्रत दिली होती, आणि प्रलंबित फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज, सरकारी देणी हे रकाने कसे वाचायचे ते बोट ठेवून दाखवले गेले. त्याच्या शेजारी बायबलमधील निर्गम १८ मधला, मोशेचा सासरा इथ्रो याचा सल्ला ठेवला होता : अधिकारी नेमायचे तर माणूस कर्तबगार, देवाचे भय बाळगणारा, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असणारा पाहावा. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात तर हे चार वेळा करावे लागते, आणि एकाच चिन्हावर चार बटणे दाबून मोकळे होण्याची सवय तेथेच सुटू शकते.

त्याच सत्रात एका आजींनी उभे राहून विचारले, “पाकीट घेतलं आणि मत मनासारखंच दिलं, तर पाप कसलं?” पाळकसाहेबांनी त्यांना गप्प बसवले नाही. लाच घेणाराही कायद्याने दोषी ठरतो हे सांगून ते म्हणाले, “आजी, उद्या नळाला पाणी आलं नाही तर त्याच्या दारात कोणत्या तोंडानं जाल?” आजींना ते पटले, आणि मलाही.

आता उणिवेविषयी. वाटलेल्या टिपणात ‘जीवनाचे पावित्र्य’ या शीर्षकाखाली गर्भपात हा एकच विषय होता. त्याची मांडणी अमेरिकेतील प्रचारसाहित्यावरून उचललेली दिसत होती. गर्भपाताच्या प्रश्नावर माझी श्रद्धा डळमळीत नाही; परंतु १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याला विरोध करून येथे कोणताही मोठा पक्ष मते मागत नाही, मग त्या एका निकषावर पुण्यातील मतदाराने निवड करायची तरी कोणाची? उलट गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याच्या अंमलबजावणीविषयी उमेदवाराला विचारता येते. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरतात, आणि हा तर थेट नगरसेवकाला विचारण्याचा प्रश्न आहे. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला माणूस मॅनहोलमध्ये मरत असेल, तर तो जीवनाच्या पावित्र्याचाच विषय नव्हे काय? टिपणात त्यावर एक ओळही नव्हती.

‘समाजाच्या मागण्या’ या पानाचीही तीच गत. दफनभूमीची जागा आणि शाळांचे अल्पसंख्याक हक्क यांचा तेथे ऊहापोह होता, आणि तो रास्तही आहे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, हा आपल्या मराठी मंडळ्यांतील असंख्य घरांचा प्रश्न तळटिपेत उरकला होता. शिवाय शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा शेजारी कोणत्या धर्माचा आहे ते विचारत नाही. त्यामुळे केवळ आपल्या मागण्या पुऱ्या करणारा उमेदवार दुसऱ्या समाजाविषयी द्वेष पेरत असेल, तर त्याला मत देणे मला ख्रिस्ती आचरण वाटत नाही. वर्गात मी हे बोललो तेव्हा बराच वाद झाला, आणि वेळ संपल्यामुळे तो अर्ध्यावर राहिला.

सभागृहातील ध्वनिक्षेपक मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नव्हता, टिपणाची छपाई ज्येष्ठांसाठी फार बारीक होती. हे सहज सुधारता येईल. आयोजकांना माझी खरी विनंती अशी की, पुढच्या वेळी टिपण नव्याने, येथल्या प्रश्नांवरून लिहावे, आणि एका सत्रात बोलण्यासाठी सफाई कामगारांपैकीच कोणाला तरी बोलवावे.