क्रीम बुक्ले सोफा, आठ महिन्यांनी: डागांचं सोडा, वेल्क्रो सांभाळा

पाचपैकी साडेतीन. सुरुवातीला चार द्यायचे होते.

बुक्ले म्हणजे बारीक वेढ्यावेढ्यांच्या सुताचं कापड. त्यात क्रीम रंग घेताना सगळी धास्ती डागांची असते. दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर हा मजकूर डागांवरच संपला असता. पण डाग निघतात. सांडल्याबरोबर कोरडं सुती फडकं दाबून टिपायचं. सोफ्याच्या सफाईच्या लेबलवर डब्ल्यू (म्हणजे पाणी चालतं) असेल तर सौम्य साबणपाण्यात पिळलेलं फडकं कडेकडून मधे टेकवत न्यायचं. एस असेल तर पाणी लावायचंच नाही. घासलंत तर डाग गेला तरी तिथले वेढे पिंजून केसाळ चट्टा उरेल आणि तो डागापेक्षा जास्त दिसतो.

खरा वैताग उपसलेल्या धाग्याचा. या सुतात मधला धागा ताणलेला, त्याच्याभोवती दुसरा मुद्दाम सैल सोडून पाडलेले वेढे आणि ते जागेवर धरायला तिसरा, बारीक धागा. घड्याळाचा पट्टा, अंगठीचं कोंदण, मांजराचं नख, काहीही वेढ्यात शिरतं. विकताना मार्टिंडेल 40,000 वगैरे आकडा पुढे करतात. ती घासून पाहण्याची चाचणी. वेढा उपसला जाईल का, याचं उत्तर त्यात नाही.

आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार सोफ्याचाच भाग निघाला: पाठीच्या उशीखालची वेल्क्रोची पट्टी. उशा एका बाजूने दबू नयेत म्हणून त्या फिरवायच्या, आणि फिरवताना ती खरखरीत बाजू बैठकीवर टेकली की एका झटक्यात चार-पाच वेढे बाहेर. हे डिझाइन कोणी मंजूर केलं? उपाय फुकटचा आहे: उशी उचलली की त्या पट्टीवर वेल्क्रोचीच मऊ बाजू चिकटवायची.

वर आलेला वेढा कात्रीने कापू नका. तो सलग धाग्याचा भाग असतो. कापला की शेजारचेही सुटत जातात आणि टक्कल पडतं. वेढा लांब झाला तो शेजाऱ्यांची लांबी खाऊन. म्हणून बोथट सुईच्या टोकाने आजूबाजूचे आठ-दहा वेढे एकेक करून किंचित उचलायचे. ढील वाटली जाते आणि मोठा वेढा आत बसतो. उलटी बाजू हाताशी असेल, म्हणजे उशीच्या चेनच्या खोळीत, तर बारीक क्रोशाच्या सुईने मागे ओढून घ्या.

याच कापडाचं जॅकेट शिवणार असाल तर शिवणीबाहेर 1.5 सेंटिमीटर माया पुरत नाही, 2.5 ठेवा. कापल्या कापल्या कडा ओव्हरलॉक करा, नाहीतर शिवणीपर्यंत उसवतं. अस्तर हवंच. शनेल या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या अशा जॅकेटांना खालच्या घेरात आतून साखळी असते ती झोक नीट पडावा म्हणून, दागिना म्हणून नव्हे.

व्हॅक्यूम मऊ ब्रशने, कमी ओढीवर. बैठकीची पुढची कड मात्र दबली ती दबलीच. पंधरा सेंटिमीटरवरून वाफ देऊन हाताने उलटं फिरवलं की दोन दिवस उठते, पुन्हा बसते. हे पॉलिएस्टर आहे. लोकर यापेक्षा बरीच सावरते. अर्धा तारा त्या कडेपायी गेला.