टाळूचा थ्रीडी स्कॅन: मशीन भारी, सिमेट्रीचा रिपोर्ट मात्र डोक्याला ताप

दातांच्या क्लिनिकमधे हल्ली तोंडात कॅमेरा फिरवून स्क्रीनवर टाळूसकट आख्खा जबडा उभा करतात ना, त्या सर्विसबद्दल लिहितेय. आमच्या घरात ती तिघींनी घेतली, सासूबाईंनी नव्या कवळीसाठी, लेकीने अरुंद जबडा रुंद करणाऱ्या एक्सपांडरसाठी, आणि मी खरंतर नुसती सोबत गेले होते पण "मॅडम तुमचाही करून टाकू, कॉम्प्लिमेंटरी आहे" म्हटल्यावर आपण थोडंच नाही म्हणतो. क्लिनिकचं नाव घेत नाही, कारण जे खटकलं ते सॉफ्टवेअर उजवी-डावी बाजू किती सारखी हे दाखवणारं जे रंगीत पान छापून देतं आणि ते पान पेशंटसमोर ज्या पद्धतीने ठेवलं जातं त्याबद्दल आहे, कुठेही गेलात तरी हेच होऊ शकतं.

आधी चांगलं बोलते. ज्यांनी जुन्या पद्धतीने माप दिलंय त्यांना माहितीये, ट्रेमधे ती गारेगार पेस्ट भरायची, वरच्या जबड्यावर दाबून धरायची, जरा घशाकडे ओघळली की ओकारीची उबळ आलीच. इथे तसलं काही नाही. स्कॅनरच्या टोकाला छोटा आरसा असतो, तो दातांवरून आणि मग टाळूवरून फिरवत नेतात, मशीन भराभर फोटो काढतं आणि एकाला एक जोडत जातं. एक्सरे नाही, नुसता उजेड, त्यामुळे लहान मुलांचं दर काही महिन्यांनी परत केलं तरी काही बिघडत नाही.

पण एक गंमत बघितली. दातांवर मशीन सुसाट चालतं, टाळूवर आलं की अडखळतं. कारण फोटो जोडायला त्याला काहीतरी खाणाखुणा लागतात, टाळूच्या पुढच्या भागात आडव्या वळ्या असतात (जीभ लावून बघा, समोरच्या दातांच्या मागे लगेच लागतात), तिथपर्यंत ठीक, मागचा भाग गुळगुळीत आणि ओला, तिथे मशीन वाट चुकतं आणि "पुन्हा मागे जा" म्हणून बोंबलतं. सासूबाईंच्या तोंडात तर वर एकही दात नाही, म्हणजे पकडायला काहीच नाही, असिस्टंट मुलगी बिचारी घामाघूम झाली.

आणि एवढं करूनही शेवटी डॉक्टरांनी त्यांचं पेस्टचं माप घेतलंच. सासूबाई वैतागल्या, "अहो डॉक्टर, मशीनने काढलंत ना सगळं, मग परत हा चिखल कशाला?" तर डॉक्टर म्हणाले, आजी, कॅमेऱ्याला नुसता आकार दिसतो, दाबल्यावर कुठलं मांस किती दबतं ते दिसत नाही. मग त्यांना "आऽ" म्हणायला लावलं आणि टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग जिथे हलायला लागतो ती रेघ पेन्सिलने मार्क केली, वरच्या कवळीची मागची कड तिथे घट्ट बसली नाही तर आत हवा शिरते आणि बोलताना कवळी खाली येते. मला हा प्रामाणिकपणा आवडला. नाहीतर डिजिटल म्हटलं की सगळं डिजिटल असा हट्ट करणारे पण असतात.

सासूबाईंची जुनी कवळी सैल का झाली हे मात्र स्कॅनमुळे डोळ्यांनी दिसलं, त्याचे पूर्ण मार्क. आधीच्या डॉक्टरांनी दिलेला प्लास्टरचा साचा आम्ही माळ्यावर टाकला होता, तो पण स्कॅन केला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दात गेल्यावर त्यांना धरून ठेवणारं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, नंतर हळूहळू पण थांबत नाही. अँट्ये टालग्रेन म्हणून संशोधक होत्या, त्यांनी कवळीवाल्या लोकांचा २५ वर्षं मागोवा घेऊन १९७२ साली छापलं होतं की खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट असते. पण वरचा जबडा झिजतो तो वर आणि आत असा, म्हणून कमान अरुंद होत जाते, आणि कडेचं हाड खाली बसल्यामुळे टाळूचा घुमट उथळ वाटायला लागतो. म्हणजे घुमटाचं छप्पर फारसं हलत नाही, भिंतीच बुटक्या होतात. समोरच्या दोन दातांच्या मागे हिरडीचा एक छोटा उंचवटा असतो, तो तरुणपणी दातांच्या मागे आत असतो, सासूबाईंच्या नव्या स्कॅनमधे तो पार हिरडीच्या माथ्यावर येऊन बसलाय. तो जागचा हललेला नाही, त्याच्या पुढचं हाड गेलंय. हे स्क्रीनवर बोटाने फिरवून बघताना त्यांनाही पटलं, त्याआधी त्या जुन्या डॉक्टरांना नावं ठेवत होत्या. शिवाय त्यांच्या टाळूच्या मधोमध टणक हाडाचा एक उंचवटा आहे, बऱ्याच जणांना असतो, बायकांना जास्त, त्याला काही करायचं नसतं, फक्त कवळीत तेवढी जागा मोकळी ठेवायची नाहीतर कवळी त्याच्यावर डुगडुगते. नव्या कवळीत ती ठेवली आणि डुगडुग बंद.

आता माझ्या रिपोर्टकडे येते, कारण खरी तक्रार तिथे आहे.

सॉफ्टवेअर काय करतं, टाळूच्या मधून एक रेघ मारतं, उजवी बाजू उलटवून डावीवर ठेवतं आणि जिथे जुळत नाही तिथे रंग भरतं, थोडा फरक असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल. माझ्या टाळूचा पुढचा भाग लालभडक. समोरच्या मुलीने गंभीर चेहरा करून सांगितलं की मॅडम असिमेट्री आहे, अलाइनरचा (दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांचा) विचार करा, वय वाढेल तसं वाढत जाईल. मी चाळिशीत आहे, दात सरळ, चावायला त्रास नाही, आणि हे पान बघून दोन रात्री आरशासमोर टॉर्च घेऊन आ वासून उभी, नवरा हसतोय.

मग वाचायला लागले आणि लेकीच्या ऑर्थोडॉन्टिस्टना (दात-जबडा सरळ करणारे डॉक्टर) पण विचारलं, तेव्हा कळलं की तो लाल भाग म्हणजे त्या आडव्या वळ्या! त्या कुणाच्याच दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, एका बाजूला तीन तर दुसरीकडे चार, एक लांब एक तुटक. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्या तयार होतात आणि पुढे त्यांचा नमुना इतका कमी बदलतो की ओळख पटवायला फोरेन्सिकवाले त्यांचा वापर करतात. म्हणजे जी गोष्ट जन्माआधीपासून वाकडीतिकडी आहे आणि तशीच असायला हवी, तिच्यावर लाल रंग मारून मला घाबरवलं. वर ती मधली रेघ कुठून न्यायची हे पण माणूसच ठरवतो, रेघ जरा सरकवली की रंग बदलतात, हे मी स्वतः त्यांच्याच स्क्रीनवर करून दाखवायला लावलं. रेघ किंचित डावीकडे, आणि मागचा पिवळा पट्टा गायब. अशा आकड्यावर कुणी अलाइनर विकत असेल तर सरळ उठून या.

माझ्या वयात टाळूचं होतं तरी काय, तर फार काही नाही. बिर्गिट थिलँडर यांनी ५ ते ३१ वर्षांपर्यंत त्याच त्याच लोकांचे साचे घेत अभ्यास केला होता, त्यात टाळूची उंची ३१ पर्यंत थोडी थोडी वाढतच होती, कारण दात अगदी सावकाश का होईना खाली येत राहतात. म्हणजे मोठेपणी सगळं गोठून जातं असंही नाही, पण एका बाजूला कलत जातं असं तर अजिबात नाही. हां, एखादी दाढ काढून जागा मोकळी ठेवली तर शेजारचे दात सरकतात, हिरडी खचते आणि त्या बाजूचा आकार खरंच बदलतो, ते बघायला स्कॅन कामाचा आहे.

लेकीच्या बाबतीत मात्र पैसा वसूल. ती नऊ वर्षांची, वरचा जबडा अरुंद, उजव्या बाजूच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या, म्हणजे एका बाजूचा क्रॉसबाइट, आणि तोंड मिटताना खालचा जबडा उजवीकडे सरकायचा. चेहरा वाकडा वाटायचा त्याचं कारण हे. स्कॅनमधे दिसलं की टाळू तशी दोन्हीकडून अरुंद आहे, सरकतोय तो खालचा जबडा, नीट चावता यावं म्हणून ती तो बाजूला नेते. इथे पण रंगीत पान होतंच, पण ऑर्थोडॉन्टिस्टनी ते बाजूला ठेवलं आणि फक्त दाढांमधलं अंतर मोजलं.

लहानपणी टाळू रुंद होते ती मधल्या सांध्यामुळे, म्हणजे टाळूच्या उजव्या-डाव्या हाडांच्या मधोमधच्या जोडामुळे. तान्ह्या बाळाची टाळू चपटी असते, दात यायला लागले की कडेचं हाड त्यांच्यासोबत खाली वाढतं, शिवाय टाळूचं हाड नाकाच्या बाजूने झिजतं आणि तोंडाच्या बाजूने नवं चढतं, असं करत पूर्ण छप्परच खाली येतं आणि त्याहून जास्त वेगाने भिंती वाढतात म्हणून घुमट खोल होतो. लांबी वाढते ती मागून, दाढांसाठी जागा करत. आणि रुंदी सगळ्यात आधी संपते, लांबी-उंचीच्या आधी, म्हणूनच अरुंद जबड्याचं काम लवकर करायला सांगतात. बिर्टे मेल्सन यांनी १९७५ मधे हा सांधा मायक्रोस्कोपखाली बघितला होता, लहान मुलांत तो रुंद आणि इंग्रजी वायच्या आकाराचा, वय वाढेल तसा नागमोडी आणि पौगंडावस्थेत बॅगेच्या चेनसारखा दोन्हीकडचे दाते एकमेकांत अडकलेला. एकदा ते अडकले की स्क्रू फिरवून हाड उघडणं अवघड, जोर सगळा दातांवर जातो आणि दाढा नुसत्या बाहेर कलतात.

पण वय म्हणजे सगळं नाही हां. पर्सन आणि थिलँडर यांच्या १९७७ च्या अभ्यासात १५ वर्षांच्या मुलीचा सांधा जुळायला लागलेला सापडला आणि २७ वर्षांच्या बाईचा अजिबात न जुळलेला. त्यामुळे आता मोठ्या मुलांत आणि मोठ्यांत सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्सरे) काढून सांधा ए ते ई यातल्या कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवतात, ती पद्धत २०१३ ची. आणि इथेच आपल्या स्कॅनची मर्यादा येते, तो वरची कातडी दाखवतो, खालचा सांधा उघडा की बंद हे त्याला कळत नाही. "स्कॅनवरून सांगतो" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

एक्सपांडरचं थोडक्यात, दाढांना पकडून टाळूखाली स्क्रू बसवतात, घरी छोट्या किल्लीने पाव फेरा द्यायचा, आमच्या स्क्रूचा पाव फेरा म्हणजे ०.२५ मिमी. लेकीच्या समोरच्या दोन दातांमधे मोठी फट पडली तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, पण ती फट पडणं हीच चांगली खूण, म्हणजे हाड खरंच उघडतंय. नंतर ती आपोआप मिटत गेली. मग स्क्रू लॉक करून तसाच काही महिने ठेवायचा, नवं हाड भरेपर्यंत. पहिले काही दिवस लाळ गळणार आणि बोलणं बोबडं होणार, त्याची तयारी ठेवा. हे यंत्र नवं वाटतं पण एमर्सन अँजेल नावाच्या डेंटिस्टने १८६० मधेच १४ वर्षांच्या मुलीवर करून छापलं होतं, आणि तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकावर एक ठेवताना एक गोष्ट विचारा: कशावर जुळवलाय? मोठ्या माणसांत पुढच्या वळ्यांचा भाग धरून जुळवतात कारण तो फारसा हलत नाही. पण एक्सपांडरमधे मधला सांधाच उघडतो, उजव्या डाव्या वळ्या एकमेकींपासून लांब जातात, त्यांच्यावर जुळवलं तर फरक चुकीचा दिसणार. आमच्या पहिल्या तुलनेत नेमकं हेच झालं होतं, सगळं सुधारणं एकाच बाजूला झाल्यासारखं दिसत होतं, डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या परत करायला लावलं. त्यातही एक्सपांडरने पुढे जास्त आणि मागे कमी उघडतं, आणि नैसर्गिक वाढीत उलट, मागे जास्त. ब्यॉर्क या संशोधकाने हाडात बारीक धातूच्या खुणा बसवून ते मोजलं होतं. त्यामुळे पुढे फरक जास्त दिसला म्हणून दचकू नका.

मार्क द्यायचे तर मशीनला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो मागच्या टाळूवर अडखळतं म्हणून. रंगीत सिमेट्री रिपोर्टला एक, तोही छपाई छान आहे म्हणून. वाढत्या वयातलं मूल असेल किंवा कवळी सैल होत असेल तर जरूर करा, माझ्यासारखं काहीच दुखत नसेल तर एकदा करून ठेवायला हरकत नाही पण पान घरी आणू नका. आणि पीडीएफवर समाधान मानू नका, एसटीएल किंवा पीएलवाय फाइल (थ्रीडी स्कॅनची मूळ फाइल) मागून घ्या. आम्हाला आधी "सिस्टिममधून निघत नाही" सांगितलं, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवल्यावर पाच मिनिटांत निघाली. फाइलच्या नावात तारीख टाका, नाहीतर आमच्यासारखं होईल, तिघींच्या फाइल "स्कॅन अपर फायनल" या एकाच नावाने आल्या आणि सासूबाईंची कुठली ते फक्त दात नाहीत म्हणून ओळखता आलं.